सकाळ वाया, दुपार वसूल: समिती सदस्यांच्या प्रशिक्षणाचा अनुभव

आमच्या कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीत, म्हणजे लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या समितीत, मी शिक्षकेतर सदस्य आहे. एरवी ऑफिसच्या काउंटरवर बसते. बोनाफाईड, टीसी, शिष्यवृत्ती, परीक्षेचे फॉर्म ही माझी कामं. समितीवर नाव आलं त्या आदेशाची प्रत माझ्याच टेबलावरून जावक झाली, एवढाच काय तो समारंभ. पुढे दीड वर्ष काहीच नाही. मग नॅकची, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाची, फाईल निघाली आणि कुणाच्या तरी लक्षात आलं की सदस्यांना प्रशिक्षण दिल्याचा एकही कागद आपल्याकडे नाही. तेव्हा धावपळ करून एका खाजगी संस्थेचं पॅकेज घेतलं.

संस्थेचं नाव देत नाही. असं पॅकेज विकणाऱ्या पाच जणांची कोटेशनं मीच फाईलला लावली होती आणि पाचही माहितीपत्रकं एकमेकांची झेरॉक्स वाटावीत इतकी सारखी होती. त्यामुळे जे लिहितेय ते त्यातल्या कुणाकडूनही तुमच्या वाट्याला येऊ शकतं. आम्हाला मिळालं ते असं: एक दिवसाची कार्यशाळा दोन सत्रांत, सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी 40 मिनिटांचा ऑनलाइन कोर्स, बारा पोस्टर आणि ‘कम्प्लायन्स किट’ नावाचा एक जाड फोल्डर. 22,000 रुपये, वर जीएसटी.

सकाळचं सत्र एका तरुण ट्रेनरने घेतलं. बोलायला चटपटीत, आवाज खणखणीत, स्लाइड 94. अडचण एवढीच की सगळ्या स्लाइड कंपन्यांसाठी केलेल्या होत्या आणि ‘कंपनी’ खोडून ‘कॉलेज’ लिहायचंही कुणी मनावर घेतलं नव्हतं. क्लायंट मीटिंग, अप्रेझल, ऑफिस पार्टी, एचआर. आमच्याकडे एचआर म्हणजे मी आणि माझ्या शेजारचे कुलकर्णी. इतिहासाच्या मॅडमनी विचारलं, “पीएचडीच्या गाईडबद्दल तक्रार आली तर?” उत्तर आलं, “मॅम, सेम थिंग. रिपोर्टिंग मॅनेजर समजा.”

सेम नाही हो. मॅनेजर नको झाला तर माणूस नोकरी सोडून दुसरीकडे जातो. गाईड सोडायचा म्हणजे विषय सोडायचा, झालेली वर्षं सोडायची आणि नव्या गाईडकडे जागा आहे का याची वाट बघत बसायचं. शिवाय त्याच विषयातली माणसं एकमेकांना ओळखतात, उद्या तोंडी परीक्षेला बाहेरून येणारेही त्यांच्यातलेच. खाली बीएससीच्या मुलीचं दुखणं वेगळं. तिचे इंटर्नल मार्क, जर्नलवरची सही, प्रॅक्टिकलची बॅच, सगळं एका माणसाच्या पेनात असतं. विद्यापीठ अनुदान आयोगाने म्हणूनच कॉलेजांसाठी वेगळे विनियम केले. नाव 2015चं, राजपत्रात आले मे 2016मध्ये. त्यात स्पष्ट तरतूद आहे की चौकशी चालू असताना ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला तक्रारदाराचे पेपर, परीक्षा, काम तपासण्यापासून दूर ठेवता येतं. कॉलेजच्या दृष्टीने सगळ्यात कामाचं कलम हेच. 94 स्लाइडमध्ये ते नव्हतं. सहल, शिबिर, इंटर्नशिप, क्रीडास्पर्धा, जाण्यायेण्याची गाडी हे सगळं त्या विनियमांत कॅम्पसच धरलं आहे, तेही नव्हतं. ऑफिस पार्टीवर मात्र चार स्लाइड होत्या.

इतिहास त्याने दोन मिनिटांत उरकला. 1992, राजस्थान, भंवरीदेवी, बालविवाह रोखल्याच्या रागातून सामूहिक बलात्कार झालेली कार्यकर्ती. 1997, विशाखा निकाल, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दल सर्वोच्च न्यायालयाची मार्गदर्शक तत्त्वं. 2013, त्याच विषयावरचा कायदा. चुकलं काही नाही, पण 1997 ते 2013 या सोळा वर्षांत काय झालं हे विचारल्यावर पुढची स्लाइड आली. मधल्या काळात विशाखाची मार्गदर्शक तत्त्वं बहुतेक ठिकाणी कागदावरच पडून होती आणि ती नीट अमलात आणा असं सर्वोच्च न्यायालयाला 2012 मध्ये पुन्हा बजावावं लागलं, तेही स्त्री-चळवळीतल्या आपल्या मेधा कोतवाल-लेले यांच्या याचिकेवर. मराठी कॉलेजात शिकवायला येताना निदान हे नाव तरी गाठीशी असावं.

आणि ‘खोट्या तक्रारीचं काय?’ हा प्रश्न. सकाळी तो तीनदा आला, तिन्ही वेळा वेगवेगळ्या सरांकडून. त्यावर अर्धा तास गेला. जर्नलवरच्या सहीला मिनिटही नाही.

किटबद्दल एवढंच सांगते की त्यातला समिती स्थापनेचा नमुना आदेश टाइप करून सहीला पाठवू नका. त्यात सदस्य म्हणून दोन विभागप्रमुखांची जागा ठेवली आहे. आयोगाच्या विनियमांत कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा पदांवरची माणसं समितीत नकोत असं सरळ लिहिलंय, नाहीतर समिती मोकळेपणाने काम कशी करणार? अध्यक्षांसाठी नुसतंच ‘वरिष्ठ महिला’ म्हटलंय. कॉलेजात ती निदान सहयोगी प्राध्यापक हवी. विद्यार्थी सदस्यांचा तर पत्ताच नाही. प्रकरणात विद्यार्थी असतील तेव्हा पदवी, पदव्युत्तर आणि संशोधन अशा पातळ्यांवरचे तीन निवडून आलेले विद्यार्थी लागतात. समितीची रचनाच चुकली तर पुढची सगळी मेहनत त्या एका मुद्द्यावर पाण्यात जाऊ शकते. 22,000 रुपये देऊन ही चूक विकत कशाला घ्यायची?

ऑनलाइन कोर्सला मराठी सबटायटल आहेत म्हणून मी खूश झाले होते. ती यंत्राने केलेली निघाली. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला पूर्ण 40 मिनिटं ‘उत्तरदाता’ म्हटलंय, जणू जनगणनेवाले दारात आलेत. तक्रारदार मुलगी मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत ‘तो’. शेवटी दहा प्रश्नांची चाचणी. मी मुद्दाम दहाही प्रश्नांना ‘ब’ पर्याय दिला. नापास झाले, लगेच दुसरी संधी मिळाली, मग तिसरी. आमचे शिपाई मामा चौथ्या खेपेला पास झाले आणि प्रमाणपत्राची रंगीत प्रिंट माझ्याकडूनच काढून घेऊन गेले. सगळ्या स्टाफची प्रमाणपत्रं फाईलला लागली. नॅकचं काम झालं.

आता दुपार.

दुपारी एक वकीलबाई आल्या. साठीच्या आसपास, हातात आखीव कागदांचा गठ्ठा आणि एक लाल पेन. प्रोजेक्टर बंद करायला लावला. खुर्च्या गोल मांडल्या. मग स्वतः दरवाजाबाहेर गेल्या, परत आत आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या, “मॅडम, बोनाफाईड कधी मिळेल?” मी सवयीने म्हटलं, “उद्या चारनंतर.” त्या हलल्या नाहीत. “मॅडम, एक विचारू का?”

काउंटरवर बसणाऱ्या कुणालाही हे वाक्य माहीत असतं. काम झाल्यावरही खिडकीशी रेंगाळणारी मुलगी. दहातल्या नऊ जणींना फीचा हप्ता पुढे ढकलून हवा असतो. दहावी वेगळंच काही सांगायला आलेली असते, आणि ती कोण हे चेहऱ्यावरून कळत नाही.

तिघांनी हा प्रसंग करून पाहिला. एका सरांनी पहिलाच प्रश्न टाकला, “तू एकटी का गेलीस?” बाई नुसत्या वळून दाराकडे चालू लागल्या. खोलीत कुणीच हसलं नाही. नंतर ग्रंथालयाच्या मॅडम. त्यांनी प्रेमाने हात धरला, “घाबरू नकोस, मी कुणाला काही सांगणार नाही.” बाई थांबल्या आणि म्हणाल्या, हे वचन तुम्हाला पाळता येणार नाही. तक्रार लेखी आली की सात दिवसांत तिची प्रत समोरच्याला द्यावी लागते, त्याला उत्तराला दहा दिवस मिळतात. आठव्या दिवशी त्या मुलीला कळेल की मॅडम खोटं बोलल्या. गोपनीय म्हणजे गुप्त नव्हे. कुणाकुणाला कळणार आणि कुणाला नाही, हे आधीच सांगायचं.

तिसरी मी. मी काय केलं असेल? कागद पुढे सरकवला आणि म्हटलं, “अर्ज दे.” बाई म्हणाल्या, “तुम्ही तिला पुन्हा खिडकीपलीकडे उभं केलंत.”

लिहिता येत नसेल तर तक्रार लिहायला मदत करणं हे समितीचं कर्तव्य आहे, कायद्यातच आहे. मला ते माहीत नव्हतं. मला वाटायचं अर्ज आणणाऱ्याने आणायचा, आपण शिक्का मारायचा. त्यांनी सांगितलेली पद्धत साधी आहे. बाजूच्या खोलीत बसवायचं, मध्ये बोलायचं नाही, ‘का’ने सुरू होणारा प्रश्न विचारायचा नाही. तिचं संपलं की पुढचे रस्ते सांगायचे: समितीकडे तक्रार, पोलिसांकडे जायचं असेल तर त्यात मदत, आणि आज काहीच करायचं नसेल तर तेही चालेल. पण तीन महिन्यांची मुदत सांगायला विसरायचं नाही. शेवटच्या घटनेपासून तीन महिने, सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिन्यांपर्यंत वाढवू शकते. ठरवणार ती.

दुसरा प्रसंग लिहिण्याचा होता आणि इथे माझी चांगलीच खरडपट्टी निघाली. बाई मुलगी होऊन बोलल्या, आम्ही उतरवून घ्यायचं. त्या म्हणाल्या, “सर जर्नल तपासताना माझ्या हातावर हात ठेवून बसतात. सही होईपर्यंत काढत नाहीत.” मी लिहिलं: ‘सदर प्राध्यापकांनी सदर विद्यार्थिनीशी असभ्य वर्तन केले.’ एकोणीस वर्षं ऑफिसात काढलेल्या बाईची भाषा ती. मला तर ते वाक्य झकास वाटलं होतं. त्यावर लाल रेघ आली. “आता समोरचा काय उत्तर देणार? ‘असभ्य वर्तन केले नाही.’ संपलं. तिने हात सांगितला, जर्नल सांगितलं, सही सांगितली. तुम्ही तिन्ही काढून टाकलंत.”

आणि दुसरी बाजू. नेमका आरोप काय हे कळणं हा त्याचाही हक्क आहे. ‘असभ्य वर्तना’वर निर्दोष माणूसही बाजू मांडू शकत नाही. इथे त्यांनी गोव्यातल्या एका विद्यापीठाचं प्रकरण सांगितलं. चौकशी 2009ची. समितीने घाईघाईत सुनावण्या उरकल्या, बाजू मांडायला पुरेशी संधी दिली नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने मे 2023मध्ये ते प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवलं. मधे चौदा वर्षं. तक्रार करणाऱ्या मुली तेव्हा कॉलेजात असणार, आता त्यांचं वय काय असेल याचा हिशेब मी कागदाच्या कोपऱ्यात मांडला.

अर्ज ‘नीट करून देण्याचा’ हा गुन्हा माझ्या हातून याआधी घडला आहे का? हो. त्यापुढे लिहीत नाही, तक्रारीतलं काही बाहेर फोडायला बंदी करणारं कलम 16 आहे.

मग बाईंनी विचारलं, “तक्रार आली की कुठल्या रजिस्टरला चढवता?” सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आवक रजिस्टर काउंटरवर उघडं पडलेलं असतं. एलआयसीचे एजंटही ते चाळतात. ‘विषय’ या रकान्यात मी काय लिहिणार होते? आता ठरलंय: आवकमध्ये फक्त ‘बंद लिफाफा, अंतर्गत समिती’, बाकी नोंद अध्यक्षांच्या कपाटातल्या वेगळ्या वहीत. नाव फोडणाऱ्याला नियमाप्रमाणे 5,000 रुपये दंड आहे, पण दंडापेक्षा मला ते उघडं रजिस्टर जास्त भीतीदायक वाटलं.

खोट्या तक्रारीचा प्रश्न चौथ्यांदा आला. बाईंनी दोन वाक्यांत मिटवला: तक्रार सिद्ध न होणं म्हणजे तक्रार खोटी असणं नव्हे, कलम 14 तसंच म्हणतं. खोटेपणा ठरवायचा तर त्याची वेगळी चौकशी करून ठरवावा लागतो. मुलग्यांचं काय, असं क्रीडाशिक्षकांनी विचारलं. 2013चा कायदा स्त्रियांसाठी आहे, पण आयोगाच्या विनियमांत मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थ्यांनाही धोका असतो हे मान्य करून जबाबदारी कॉलेजवर टाकली आहे. सकाळच्या ट्रेनरने याच प्रश्नाला “गुड क्वेश्चन” म्हणून नमस्कार केला होता.

दुपारतही खोट होती. साक्षीदारांना कसं विचारायचं, अहवाल कसा लिहायचा यावर यायच्या आत पाच वाजले. नव्वद दिवसांत चौकशी संपवायची असते आणि आमच्यापैकी एकानेही अजून असा अहवाल पाहिलेला नाही. विद्यार्थी सदस्यांना परीक्षेमुळे बोलावलंच नव्हतं, ही चूक आमची. आणि ऐन प्रसंग रंगात असताना संस्थेचा पोरगा जिओटॅग फोटो काढायला मधे घुसला. बाईंनी त्याला बाहेर काढलं. फोटो नंतर काढला, सगळे हसतमुख.

पोस्टर इंग्रजीत आहेत आणि सदस्यांच्या नावांची जागा कोरी. स्केचपेनने मीच भरली. जिन्यातली अकरा कुणी वाचत नाही. बारावं लेडीज रूमच्या दाराला आतून लावलंय. तिथे उभं राहून वाचताना कुणी बघत नाही, त्यामुळे ते एक कामाचं.

गुण द्यायचे तर सकाळला पाचपैकी एक, कोर्सला अर्धा, किटला शून्य, दुपारला साडेचार. दुपारचं सत्र तेवढं वेगळं मिळेल का म्हणून संस्थेला फोन केला. पॅकेज फोडता येत नाही म्हणाले. मग टिपणी सादर केली: पुढच्या वेळी वकीलबाईंना थेट बोलवावं, दोन दुपारी द्याव्यात, विद्यार्थी सदस्य, काउंटरवरचे आम्ही दोघं आणि वसतिगृहाच्या मावशी यांना आधी बसवावं. टिपणी काल परत आली. प्राचार्यांनी समासात शेरा मारलाय, ‘चर्चा करावी.’