अंटार्क्टिकाची ‘क्लायमेट’ क्रूझ: लेक्चरला पाच स्टार, कंपनीला तीन

अर्जेंटिनातल्या उश्वाइया बंदरातून निघणारी अंटार्क्टिका ट्रिप करून आलो, कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. जाहिरातीत ‘वितळणारा बर्फ डोळ्यांनी बघा, अँबॅसडर व्हा’ वगैरे होतं आणि खरं सांगायचं तर मी त्यालाच भुललो.

ड्रेक पॅसेजचे, म्हणजे दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिकामधल्या खवळलेल्या समुद्राचे, दोन दिवस आडवं पडून काढले. उलटीची गोळी बोट हलायच्या आधीच घ्या, एवढंच.

पैसे वसूल झाले ते लेक्चरमध्ये. हिमनद्यांवर काम केलेल्या एक बाई होत्या, त्यांनी बर्फाचे खडे टाकून काठोकाठ भरलेला ग्लास टेबलावर ठेवला आणि बोलत राहिल्या, बर्फ विरघळून गेला तरी पाणी काही सांडलं नाही. मग म्हणाल्या, तरंगता बर्फ वितळून समुद्र जवळजवळ वाढत नाही, पण तोच बर्फ मागच्या जमिनीवरच्या हिमनद्यांना बुचासारखा अडवून धरतो. २००२ मध्ये लार्सन बी नावाची साधारण ३,२५० चौरस किलोमीटरची तरंगती लादी काही आठवड्यांत फुटली, आणि मागच्या हिमनद्या कितीतरी पट वेगाने समुद्रात घसरायला लागल्या. इतकं सोपं करून आजवर कोणी सांगितलंच नव्हतं हो.

शिस्तही चोख. वेल्क्रोत अडकलेलं गवताचं बी व्हॅक्यूमने काढायचं, बूट जंतुनाशकात बुडवायचे, किनाऱ्यावर एका वेळी १०० च्या वर माणसं नाहीत, पेंग्विनपासून ५ मीटर लांब (तोच चालत आला तर आपण मागे सरायचं, आणि तो येतोच).

आता तक्रार. २०२२ च्या एका अभ्यासात होतं की जहाजांच्या वगैरे काजळीमुळे एका पर्यटकामागे साधारण ८३ टन बर्फ लवकर वितळतो. हे मी सगळ्यांसमोर विचारलं तर टीम लीडर म्हणतो, आम्ही हेवी फ्युएल ऑइल (जहाजांचं जाड, जास्त काजळी करणारं इंधन) वापरतच नाही. अरे, तिथे २०११ पासून त्याला बंदीच आहे, त्यात तुमचं कौतुक काय? वर माहितीपत्रकात ‘२०४१ ला अंटार्क्टिका करार संपतो’ असं ठोकून दिलंय. करार संपत वगैरे नाही, खाणबंदीच्या प्रोटोकॉलचा (त्या कराराला जोडलेल्या पूरक कराराचा) फेरविचार २०४८ नंतर मागता येतो, तेवढंच.

शेवटच्या रात्री अँबॅसडरचं सर्टिफिकेट मिळालं, नावाचं स्पेलिंग चुकलेलं. जाणार असाल तर बुकिंगआधी बोटीवर शास्त्रज्ञ कोण आहेत ते विचारा, केबिनला बाल्कनी आहे का ते नंतर.