मोबाइलला जोडायचा मायक्रोस्कोप: गावच्या सराफी दुकानातून

खोक्यावर ‘१००० पट’ असं ठळक छापलंय, ते सोडून द्या. दोनशेच्या पुढं चित्र नुसतं फुगतं, नवीन काही दिसत नाही. दारव्हा तालुक्यातल्या एका गावात माझं पिढीजात सराफीचं दुकान आहे. मोडीत येणाऱ्या दागिन्यांचे झाळलेले जोड नीट पाहता यावेत म्हणून हा मायक्रोस्कोप चौदाशे रुपयांत ऑनलाइन मागवला. वायर मोबाइलला लावली की चालू, त्यामुळं लाइट गेली तरी काम अडत नाही. आमच्याकडं हा गुण पहिल्या नंबरचा.

स्टँड मात्र अगदी भंगार. प्लास्टिकचं, टेबलावर बोट टेकलं तरी चित्र हलतं. दुसरी अडचण खास आमच्या धंद्याची. भिंगाभोवतीचे आठ दिवे सरळ सोन्यावर पडतात आणि चकाकीत सगळं पांढरं होऊन जातं. दिव्यांभोवती बटर पेपरची पट्टी गुंडाळायची, नाहीतर ते दिवे पार मंद करून बाजूनं टॉर्चचा तिरपा उजेड द्यायचा. तिरप्या उजेडात ठोक्यांचे खड्डे असे उठून दिसतात की दहा पटीच्या भिंगानं तेवढं कधी दिसलं नव्हतं. दुकानदारानं हे सांगायला पाहिजे, माहितीपत्रकात याचा एक शब्द नाही.

त्याचा खरा कस लागला तो देशमुखांच्या वाटीवर. पोरगा पुण्याला नोकरीला. त्यानं कुठून तरी पाकळ्यापाकळ्यांची पिवळीधमक वाटी आणली, सोबत लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट: चीनची तांग राजवट, तेराशे वर्षांपूर्वीची, शुद्ध सोनं, ‘कार्बन डेटिंगने सिद्ध’. देशमुख काकाजी वाटी गमछ्यात बांधून दुकानात आले. म्हणाले, “भाऊ, एवढं जुनं सोनं आपल्या गावात? पाह्य बरं एकडाव.”

कार्बन डेटिंग वाचूनच मी चष्मा काढून ठेवला. सोन्यात कार्बन असतो कुठं मोजायला? भांड्याला चिकटलेल्या काजळीचं किंवा लाकडाच्या तुकड्याचं वय काढता येतं, पण ते त्या काजळीचं वय. सर्टिफिकेटवर तसलं काहीच नव्हतं.

काकाजींनी यवतमाळहून मशीनवर टंच, म्हणजे कोणती धातू किती याचा कस, काढून आणला होता. कागदावर सोनं आणि चांदी दोन्ही, पारा शून्य. विकणाऱ्यानं याचंही उत्तर देऊन ठेवलेलं: जुन्या सोन्यात चांदी असतेच. ते खरंही आहे, नदीच्या वाळूतल्या सोन्यात चांदी निसर्गतःच मिसळलेली असते. मशीनची किरणं वरच्या पातळ थरातूनच परत येतात. त्यामुळं मिसळ आहे की मुलामा, आणि भांडं कधी घडवलं, हे त्या कागदावरून ठरत नाही.

म्हणून वाटी मायक्रोस्कोपखाली ठेवली. (यंत्रही चिनीच, हा भाग वेगळा.) तळाच्या कडेला, जिथं भांडं टेकतं तिथं, पिवळा रंग घासून गेलेला आणि खाली पांढरी धातू. मग पाकळ्या पाहिल्या. एका पाकळीच्या टोकाशी केसाएवढी खाच होती. शेजारच्या पाकळीला तिथंच तीच खाच. पुढच्या पाकळीलाही. वाटी फिरवत गेलो आणि प्रत्येक पाकळीला ती खाच भेटत गेली. एकाच ठशावर सगळ्या पाकळ्या दाबून काढल्याशिवाय असं होत नाही.

तांग काळातला कारागीर पत्रा ठोकून भांडं उठवायचा आणि छोट्या टाकीनं नक्षी भरायचा. त्याची सरळ दिसणारी रेघ मोठी करून पाहिली तर पाचरीसारख्या बारक्या ठोक्यांची रांग निघते. नक्षीमागची मोकळी जागा इवल्या गोल ठशांनी भरलेली असते. हातकाम असल्यानं ते गोल कुठं एकमेकांवर चढतात, कुठं फट सोडतात. या वाटीवरचे गोल छापल्यासारखे एकसारखे, कडा मऊ. घडवायची पद्धतसुद्धा काळाप्रमाणं बदलते. चीनच्या हुबेई प्रांतात १९७८ साली झेंग या जुन्या राज्याचा अधिपती यी याची कबर उघडली, त्यात झाकणासकट दोन किलोंवर वजनाचा सोन्याचा वाडगा निघाला. तो इ.स.पू. पाचव्या शतकातला आणि ओतीव आहे, काशाच्या भांड्यांसारखा साच्यात ओतलेला. पत्रा ठोकून भांडी घडवायचं काम पुढं तांग काळात भरात आलं.

काकाजींच्या पोरानं मला फोनवर फोटो पाठवला: “काका, म्युझियममधल्या वाटीशी तंतोतंत जुळते!” फोटो चीनमधल्या हेजियाकुनच्या ठेव्यातला. १९७० साली शिआन शहराच्या दक्षिणेला मातीचे दोन रांजण आणि एक चांदीचं भांडं सापडलं, आत हजाराच्या वर वस्तू. त्यातल्या कमळपाकळ्यांच्या सोन्याच्या वाडग्याच्या आत शाईनं वजनसुद्धा लिहिलेलं आहे. पण तंतोतंत जुळणं हीच तर शंकेची जागा. हातानं घडवलेल्या जोडीतले दोन तोडेही तंतोतंत जुळत नाहीत.

मुलाम्याची गोष्टही तशीच. जुन्या चिनी कारागिरांचा मुलामा पाऱ्याचा. सोनं पाऱ्यात कालवून लावायचं आणि तापवून पारा उडवायचा. पारा सगळा जात नाही, माग राहतो. विजेचा मुलामा १८४० नंतरचा, त्यात पारा लागत नाही. आणि यवतमाळच्या कागदावर पारा शून्य. तरी शेवटी वाटी पाण्यात तोललीच. बाहेर २६२ ग्रॅम, पाण्यात लटकवून २३७. फरक २५, त्यानं २६२ ला भागलं की १०.४८. चांदी १०.४९ ला बसते, सोनं १९.३ ला.

जोडाबद्दल एक सांगतो. असल्या भांड्याच्या जोडात कॅडमियम ही धातू निघाली की लोक लगेच ‘नकली’ म्हणतात. कॅडमियम सापडलंच १८१७ साली, म्हणजे तो जोड त्यानंतरचा एवढं नक्की. पण जुन्या भांड्याची दुरुस्ती कुणी नंतर केलेली असू शकते. जोडावरून अख्ख्या भांड्याचं वय सांगू नका.

आणि शेतात नांगराला काही लागलं तर ते माझ्याकडं घेऊन येऊ नका. १८७८ च्या कायद्यानं दहा रुपयांवरच्या गुप्तधनाची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते.

काकाजींनी एवढंच विचारलं, “मोडीत काय येईन?” चांदीच्या भावानं घेतो म्हटलं. वाटी परत घेऊन गेले, पोराला दाखवायचीय म्हणे.

मायक्रोस्कोप घ्यायचा का? गावच्या सराफानं जरूर घ्यावा. पाचपैकी साडेतीन. दीड गुण स्टँडचे आणि त्या हजार पटीच्या थापेचे कापले. स्टँड लोखंडी, वेगळं घ्या. कापसाच्या हंगामात भिंगावर टोपण ठेवा, तंतू आत शिरले की निघता निघत नाहीत.