टायमिंग बेल्ट: थांबायचं, नुसता बेल्ट बदलायचा की पूर्ण किट?

गाडी नीट चालते आहे, इंजिनचा वेगळा आवाज नाही, तरी मेकॅनिक बेल्ट बदला म्हणतो. मन तयार होत नाही, हे समजण्यासारखं आहे. ब्रेक पॅड झिजले की कुरकुरतात, क्लच स्लिप व्हायला लागतो. टायमिंग बेल्ट बहुतेक वेळा काहीच न सांगता तुटतो, किंवा त्याचे दात उडतात.

आधी थांबण्याचा हिशोब करू. हा बेल्ट क्रँकशाफ्टच्या (पिस्टनमुळे फिरणारा दांडा) जोरावर कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनात हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा, उघडणारा दांडा) फिरवतो. क्रँकचे दोन फेरे, कॅमचा एक. बऱ्याच इंजिनांत उघडा व्हॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन आळीपाळीने एकाच जागेत येतात. बेल्ट तुटला की कॅम थांबतो, पिस्टन मात्र वर येतच राहतात आणि उघडे राहिलेले व्हॉल्व्ह वाकतात. मग हेड (इंजिनचा वरचा भाग) उतरवा, व्हॉल्व्ह बदला, गाइड (व्हॉल्व्ह ज्यात सरकतो ती नळी) तपासा. कधी पिस्टनलाही मार बसलेला असतो. काही इंजिनांत दोघांची गाठ पडत नाही, तिथे गाडी नुसती बंद पडते. तुमचं इंजिन यातलं कोणतं, हे नक्की विचारून घ्या. पण भरधाव चालवताना इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग जड होतं आणि दोन-चारदा दाबल्यावर ब्रेकही कडक होतो. त्यामुळे दुसऱ्या प्रकारच्या इंजिनातही थांबा असं मी कुणाला सांगणार नाही.

कधी बदलायचा, याचं उत्तर गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं: अमुक किलोमीटर किंवा अमुक वर्षं, जे आधी पूर्ण होईल ते. लोक किलोमीटर बघतात आणि वर्षं विसरतात. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. जुनी गाडी घेतली असेल आणि बेल्ट बदलल्याची नोंद नसेल, तर तो बदललेलाच नाही असं धरून चाला. मी तसंच केलं. काढलेला बेल्ट हातात घेतला तर ना चीर, ना तुटलेला दात. क्षणभर वाटलं, उगाच खर्च केला. मग मेकॅनिकने आयडलर पुली (बेल्टला वाट दाखवणारं चाक) माझ्या हातात देऊन बोटाने फिरवायला सांगितली. आत वाळूचे कण असावेत तशी ती खरखरत होती.

म्हणूनच खरी तुलना नुसता बेल्ट की किट, ही आहे. किटमध्ये बेल्टसोबत टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) आणि आयडलर येतात. त्यातलं एखादं बेअरिंग जाम झालं तर नवाकोरा बेल्टही तुटतो किंवा पुलीवरून उतरतो. नुसता बेल्ट घेतला तर आज पैसे वाचतात, पण यातला मोठा खर्च मजुरीचा असतो: इंजिनचा माउंट (आधार) सोडवा, कव्हर काढा, पुली काढा. टेन्शनर वर्षभराने गेला तर ही सगळी मजुरी पुन्हा. वॉटर पंप याच बेल्टवर फिरत असेल तर तोही आत्ताच बदला; पुढे तो गळायला लागला तर त्यासाठी बेल्ट परत काढावा लागेल. वेगळ्या बेल्टवर असेल तर राहू द्या. कॅम आणि क्रँकचे ऑइल सील ओलसर दिसले तर तेही बदलून घ्या, कारण तेलाने बेल्टचं रबर खराब होतं.

इंजिनला बेल्टऐवजी टायमिंग चेन असेल तर ठरावीक किलोमीटरला बदलण्याचा प्रश्न सहसा येत नाही. तिथे वेळेवर ऑइल बदलणं महत्त्वाचं. तेलात भिजून चालणारा बेल्ट असेल तर कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचं ऑइल हवं. चुकीच्या तेलाने त्याचे तुकडे सुटतात आणि ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात.

काम देताना मेकॅनिकला एवढं सांगा: पुलींवरच्या खुणा जुळवून बेल्ट बसवला की स्टार्टर मारण्याआधी क्रँक हाताने, पान्याने, पूर्ण दोन फेरे फिरवायचा आणि खुणा पुन्हा बघायच्या. एखाद्या दाताची चूक झाली असेल तर ती तिथेच सापडते. काम झालं की तारीख आणि किलोमीटर लिहिलेलं स्टिकर बॉनेटच्या आत लावून घ्या.