कॉम्प्लेक्सचा क्रिस्टल वाढवायचा कसा: बाष्पीभवन, बाष्प-विसरण की ऑटोक्लेव्ह?

लिगँड (धातूला जोडला जाणारा रेणू) आणि धातूचा क्षार मेथॅनॉलमध्ये रिफ्लक्सला लावला, म्हणजे वाफ थंड करून परत आत सोडत उकळत ठेवला, की बऱ्याचदा संध्याकाळपर्यंत गाळणकागदावर त्यांच्या कॉम्प्लेक्सची पावडर मिळते. क्ष-किरणांनी त्याची अणुरचना काढायला मात्र साधारण ०.१ ते ०.३ मिलिमीटरचा एकसंध क्रिस्टल लागतो. खरी कसोटी तिथेच आहे. परभणी-नांदेडकडे एमएस्सीचा प्रकल्प करत असाल, तर पद्धत ठरवण्याआधी महिना कोणता ते पाहा.

हळू बाष्पीभवन सगळ्यात स्वस्त. द्रावण गाळून व्हायलमध्ये (छोट्या काचेच्या बाटलीत) घ्या, तोंडाला पॅराफिल्म (ताणली जाणारी मेणासारखी पट्टी) लावा, सुईने दोन-चार भोकं पाडा. डिसेंबर-जानेवारीत हे छान जमतं. हात बसवायला कॉपर ॲसिटेट घ्या: कोमट पाणी, थोडं ॲसिटिक आम्ल, आणि काही दिवसांत गडद निळसर-हिरवे क्रिस्टल. त्याची रचना १९५३ साली सुटली. तांब्याचे दोन अणू जेमतेम २.६ अँगस्ट्रॉम (मीटरचा एक हजार कोटीवा भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम) अंतरावर, चार ॲसिटेटनी एकत्र बांधलेले. फार देखणी रचना आहे ती! पण एप्रिलमध्ये पारा चाळिशीपार गेला की मेथॅनॉल भराभर उडतं आणि काचेच्या काठावर नुसता पापुद्रा उरतो.

म्हणून उन्हाळ्यात माझा कौल बाष्प-विसरणाला. छोट्या व्हायलमध्ये द्रावण, आणि बाहेरच्या बंद बाटलीत कॉम्प्लेक्स ज्यात विरघळत नाही ते द्रावक; त्याची वाफ हळूहळू आत मिसळते आणि क्रिस्टल बसतात. पुस्तकी सवयीनं डायइथिल ईथर घेऊ नका. ते ३५ अंशांना उकळतं, आणि साध्या फ्रिजमध्ये ठेवलं तर ठिणगीनं भडका उडू शकतो. कॉम्प्लेक्स इथिल ॲसिटेटमध्ये विरघळत असेल तर बाहेर हेक्सेन. फक्त डीएमएफमध्येच (डायमिथिलफॉर्मामाइड, सहज न उडणारं द्रावक) विरघळत असेल तर मेथॅनॉल.

ऑटोक्लेव्ह (ओव्हनमध्ये दाबाखाली तापवायचं घट्ट बंद भांडं) फक्त कशातच न विरघळणाऱ्या कोऑर्डिनेशन पॉलिमरसाठी, म्हणजे धातू आणि लिगँडच्या लांबलचक साखळ्या-जाळ्यांसाठी. टेफ्लॉनचं भांडं दोन-तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये. ओव्हन ताशी पाचेक अंशांनी थंड व्हायला हवा. मध्येच लाइट गेली तर क्रिस्टल बारीक येतात. बॅकअप नसेल तर या वाटेला जाऊ नका.

क्षार निवडताना परक्लोरेट टाळाच, त्याचे कॉम्प्लेक्स स्फोटक असू शकतात. नायट्रेट किंवा ॲसिटेटनं सुरुवात करा.

क्रिस्टल दुसऱ्या गावच्या क्ष-किरण यंत्रावर पाठवायचे असतील तर वाळवू नका. क्रिस्टलच्या अणूंच्या जाळीत अडकलेलं मेथॅनॉल निघून गेलं की ते तडकून धुरकट होतात. मदर लिकरसकट (ज्या द्रावणात क्रिस्टल वाढले त्यासकट) बंद व्हायलमध्येच पाठवा.