उजेड पाठीमागे असताना: प्लस-मायनस की फ्लॅश?

सिंहगडावर भर दुपारी कुणाला तटाशी उभं करून फोटो काढला की आभाळ झकास येतं आणि चेहरा कोळशासारखा. कॅमेरा बिघडलेला नसतो. त्याचं उजेड मोजणारं मीटर सगळ्या दृश्याची सरासरी काढून ती मधल्या करड्या छटेवर आणतं, एवढंच. खिशातल्या छोट्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यावर याला दोन उपाय आहेत.

एक म्हणजे प्लस-मायनसचं बटण, एक्सपोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरने ठरवलेला उजेड आपण कमी-जास्त करणं. +१ केलं की दुप्पट प्रकाश नोंदला जातो, चेहरा खुलतो. पण आभाळही तेवढंच उजळतं आणि छोट्या सेन्सरवर चटकन पांढरंफटक होतं. जेपेगमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या नेहमीच्या फोटो-फाइलमध्ये, एकदा गेलेले ढग संगणकावरही परत येत नाहीत.

दुसरा, फ्लॅश. ‘ऑटो’वर ठेवलात तर लख्ख उन्हात तो बहुधा पेटणारच नाही, विजेच्या चिन्हावर नेऊन तो सक्तीने चालू करावा लागतो. मग चेहऱ्यावरची सावली भरून निघते आणि आभाळ जसंच्या तसं राहतं. मात्र या इवल्याशा दिव्याची धाव दोन-तीन मीटरच, शिवाय चष्म्याच्या काचा चमकतात त्या वेगळ्याच. तरी माणूस जवळ असेल तर मी फ्लॅशच निवडतो, बघणारे हसले तरी.

पांढऱ्या मखरातला गणपती टिपताना मात्र उलट. फ्लॅशने मूर्तीचा रंग चकाकतो, तिथे +०.७ पुरतं. अजिंठ्याच्या लेण्यांत तर निवडीचा प्रश्नच नाही, आत फ्लॅशला बंदी आहे.