जुना अ‍ॅक्सल दुरुस्त करावा की बदलावा: कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका गॅरेजचा अनुभव

आमची पेट्रोलवरची मारुती स्विफ्ट २०१२ सालची आहे आणि मीटरवर १ लाख १८ हजार किलोमीटर झालेले आहेत. कळे ते कोल्हापूर हा तिचा रोजचा रस्ता असल्यामुळे ऊसतोडणीच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी शेतातून डांबरावर आणलेला चिखल आणि पावसाळ्यात गगनबावड्याकडून येणाऱ्या सरींचे पाणी हे दोन्ही तिच्या खालच्या भागांनी वर्षानुवर्षे सोसले आहे. गेल्या दिवाळीनंतर गाडी पार्किंगमधून बाहेर काढताना, स्टिअरिंग पूर्ण वळवले की पुढच्या चाकाजवळून ‘कट-कट-कट’ असा ठेक्यातला आवाज येऊ लागला. सरळ रस्त्यावर तो अजिबात येत नसे, म्हणून मी महिनाभर त्याच्याकडे दुर्लक्ष केले, आणि तेवढ्या काळात तो स्पष्टपणे वाढला.

प्रथम गाडी शहरातल्या एका अधिकृत सेवा केंद्रात दाखवली. तिथे गाडी लिफ्टवर घेऊन दहा मिनिटांत निर्णय सांगण्यात आला: दोन्ही बाजूंचे अ‍ॅक्सल पूर्ण बदलावे लागतील आणि मजुरीसह १९,४०० रुपये खर्च येईल. कंपनीचे अख्खे सुटे भाग बसवायचे तर ही रक्कम फुगवलेली नव्हती, हे मला नंतर बाजारभाव विचारल्यावर कळले. माझा आक्षेप रकमेला नसून पद्धतीला आहे. नेमके काय झिजले आहे, ते कोणत्या बाजूचे आहे आणि दुसरी बाजू का बदलायची, या तीन साध्या प्रश्नांना तिथे उत्तर मिळाले नाही, कारण कोणीही काहीही उघडून पाहिलेले नव्हते.

हा भाग समजून घेतला तर पुढचा निर्णय कळणे सोपे जाते. बैलगाडीचा आस म्हटले की आपल्यासमोर दोन चाकांना जोडणारा एकसंध दांडा येतो. पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या मोटारीत मात्र गिअरबॉक्सपासून प्रत्येक चाकापर्यंत एक स्वतंत्र दांडा जातो, ज्याला गॅरेजमध्ये अ‍ॅक्सल किंवा ड्राइव्ह शाफ्ट म्हणतात. चाक वळते आणि खड्ड्यात वर-खालीही होते, तरीही त्याला फिरवत राहायचे असल्याने या दांड्याच्या दोन्ही टोकांना जॉइंट असतात. चाकाकडच्या बाहेरच्या जॉइंटमध्ये सहा पोलादी बॉल एका पिंजऱ्यात बसवलेले असतात आणि ते खाचांमधून सरकतात. आमच्या गाडीत गिअरबॉक्सकडच्या आतल्या जॉइंटमध्ये तीन रोलर आहेत. दोन्ही जॉइंटवर घड्यांचा रबरी बूट, म्हणजे आवरण, असतो आणि त्याच्या आत मोलिब्डेनमयुक्त काळे ग्रीस भरलेले असते. बहुतेक वेळा अ‍ॅक्सल आपणहून मरत नाही, त्याचा बूट आधी फाटतो. फाटलेल्या बुटातून ग्रीस बाहेर फेकले जाते, त्या जागी माती आणि पाणी शिरते, आणि काही आठवड्यांतच बॉलच्या खाचांना खड्डे पडू लागतात.

उद्यमनगरातल्या ज्या गॅरेजविषयी मी लिहीत आहे, तिथल्या मिस्त्रींनी पहिल्या भेटीत दर सांगण्याचे टाळले आणि एवढेच म्हटले, “काका, आधी उघडून बघू, मग काय ते ठरवू.” त्यांनी गाडी मोकळ्या जागेत नेली, स्टिअरिंग आधी एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला पूर्ण वळवून हळू वेगाने चकरा मारल्या, आणि त्यानंतर सरळ रस्त्यावर वेग वाढवताना थरथर जाणवते का, हेही पाहिले. वळताना येणारी कटकट बाहेरच्या जॉइंटची आणि वेग घेतानाची थरथर बहुधा आतल्या जॉइंटची, हा फरक त्यांनी मला तिथेच समजावून सांगितला. वेगाबरोबर वाढत जाणारी सलग घरघर असती तर आधी चाकाचे बेअरिंग तपासले असते, असेही ते म्हणाले. आवाज कोणत्या बाजूचा आहे हे नुसत्या कानाने ठरवण्यास मात्र त्यांनी नकार दिला आणि दोन्ही बाजू उतरवल्या. त्यांचा हा आग्रह मला सर्वांत मोलाचा वाटतो.

उजव्या बाजूचा बूट घडीतून चिरलेला होता आणि चाकाच्या आतल्या अंगाला ग्रीसचे शिंतोडे उडालेले होते. जॉइंट उतरवून रॉकेलने धुतल्यावर खाचांमध्ये नख अडकावे इतके खड्डे दिसले आणि पिंजऱ्याच्या खिडक्याही बॉलच्या मापापेक्षा सैल झालेल्या होत्या. डाव्या बाजूच्या बुटाला घड्यांत भेगा होत्या, परंतु त्या आरपार गेलेल्या नव्हत्या. आतले ग्रीस त्यांनी माझ्या बोटांवर देऊन चोळायला सांगितले, तेव्हा त्यात मातीचा एकही कण लागला नाही. आतले दोन्ही जॉइंट चांगले होते आणि दांड्यांच्या टोकांचे दातेही झिजलेले नव्हते.

यावरून निर्णय आपोआप झाला. डाव्या बाजूला फक्त नवीन बूट आणि ताजे ग्रीस, उजव्या बाजूला बाहेरचा जॉइंट नवीन, आणि दोन्ही दांडे जुनेच. उजव्या बाजूलाही नुसता बूट बदलून भागेल का, असे मी विचारले होते. त्यावर मिळालेले उत्तर प्रत्येक गाडीमालकाने ऐकावे असे आहे: नवीन ग्रीसने आवाज काही दिवस दबतो, पण पोलादाला पडलेला खड्डा भरून येत नाही, आणि बूट घालण्यासाठी अ‍ॅक्सल उतरवण्याची जी मजुरी लागते तीच जॉइंट बदलतानाही लागते, म्हणून आज वाचवलेले पैसे पुढच्या मजुरीत जातात. आतले आणि बाहेरचे असे दोन्ही जॉइंट गेले असते, दाते झिजले असते किंवा दांडा वाकलेला असता, तर अख्खा अ‍ॅक्सल घेणेच शहाणपणाचे ठरले असते, हेही त्यांनी स्वतःहून सांगितले. भंगारातून काढलेला जुना अ‍ॅक्सल स्वस्तात मिळतो, पण त्याचे किती आयुष्य उरले आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते, आणि चिरून चिकटवायचे तयार बूट आमच्या रस्त्यांवर टिकत नाहीत, असे त्यांचे मत पडले. मला ते पटले.

बिल असे झाले: जॉइंटचा पूर्ण संच २,६५० रुपये, डावा बूट ग्रीस व पट्ट्यांसह ६२०, गिअरबॉक्सची दोन ऑइल सील ३६०, गिअर ऑइल ९००, दोन नवीन अ‍ॅक्सल नट १८० आणि मजुरी १,८००, म्हणजे एकूण ६,५१० रुपये. ऑइल सीलचा खर्च सुरुवातीला मला अनावश्यक वाटला होता. परंतु अ‍ॅक्सल ओढताना जुन्या सीलची कड दुखावली तर गिअर ऑइल गळू लागते आणि सगळे काम पुन्हा उघडावे लागते, त्यामुळे तो योग्यच होता. अ‍ॅक्सलचा नट ठोकून अडकवण्याच्या प्रकारचा असल्याने जुना परत वापरला नाही आणि शेवटी नवा नट टॉर्क पान्याने, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्याने, आवळला. दांडा धरून ओढला तर आतला जॉइंट निसटून सुटा होतो, म्हणून तो गिअरबॉक्सजवळ पहार लावून सावकाश बाहेर काढला गेला. हे सगळे मी शेजारी उभा राहून पाहिले आणि कोणीही मला बाजूला व्हायला सांगितले नाही.

उणिवाही नोंदवायला हव्यात. अंदाजपत्रक लेखी मिळाले नाही, जॉइंटची सहा महिन्यांची हमी केवळ तोंडी होती, आणि सुटा भाग दुकानातून वेळेत न आल्यामुळे संध्याकाळी मिळणारी गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी हाती आली. बसण्यासाठी एक बाकडे आहे, तेही उन्हात. जुना जॉइंट मात्र न मागता पिशवीत घालून दिला गेला.

या कामाला आता सात महिने झाले असून गाडी नऊ हजार किलोमीटर चालली आहे, त्यात पावसाळ्यातल्या दिवसांचा आणि करूळ घाटातल्या तीन फेऱ्यांचा समावेश आहे. आवाज परत आलेला नाही, गिअरबॉक्सखाली तेलाचा डाग नाही, आणि गेल्या आठवड्यात टायर बदलताना पाहिले तेव्हा दोन्ही बूट कोरडे होते. तिथे जाणाऱ्यांनी सकाळी साडेनऊपूर्वी पोहोचावे; उतरवलेला जॉइंट स्वतः पाहायचा असेल तर निदान अकराच्या आत तरी तिथे हजर असावे लागते. सोमवारी गॅरेज बंद असते.