व्हाउचर खरं, घर खरं, घरमालक खोटा

न्यू जर्सीत ज्यांना सेक्शन ८ चं, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांना घरभाड्यासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीचं, व्हाउचर मिळालंय किंवा जे त्याच्या प्रतीक्षायादीत आहेत, अशा मराठी माणसांसाठी हे लिहिते आहे. अशी माणसं आपल्यात आहेत. एडिसन-आयसलिन म्हटलं की आयटीतली जोडपी आणि त्यांची मोठी घरंच सगळ्यांच्या डोळ्यांपुढे येतात. पण नवरा गेल्यावर किंवा संसार मोडल्यावर मुलांना घेऊन एकट्या राहणाऱ्या बायका इथे आहेत. मुलांपाठोपाठ येऊन सिटिझन झालेले आणि आता वेगळं बिऱ्हाड करून राहणारे म्हातारे आईवडील आहेत. दुकानात, डेकेअरमध्ये तासावर काम करणारे आहेत. मी त्यांतलीच एक. मंडळाच्या गणपतीत भेटल्यावर यातलं कुणी काही बोलत नाही, कारण सरकारी मदतीवर राहतो हे चारचौघांत सांगायला जीव धजत नाही. ज्याने मला लुबाडलं, त्याच्यासारख्यांचं या गप्प बसण्यावरच फावतं.

योजना ठाऊक नसलेल्यांसाठी थोडं सांगते. १९७४ च्या कायद्यापासून ही मदत चालू आहे. पैसा केंद्राच्या ‘हड’ या गृहनिर्माण खात्याचा, कारभार गावोगावच्या हाउसिंग अथॉरिटीचा. हिशेबात धरलेल्या उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के भाडं आपण भरायचं आणि उरलेलं, ठरलेल्या मर्यादेपर्यंत, अथॉरिटी थेट घरमालकाला देते. म्हणजे महिन्याचं धरलेलं उत्पन्न २,००० डॉलर असेल तर आपला वाटा ६०० च्या आसपास. सिटिझन, ग्रीन कार्डवाले आणि आणखी काही ठरावीक गट यांनाच हे मिळतं. एच-१बी किंवा स्टुडंट व्हिसावर नाही. यादीत वर्षानुवर्षं थांबावं लागतं आणि बऱ्याच ठिकाणी यादीच बंद असते.

आणि व्हाउचर हातात आलं म्हणजे घर मिळालं असं नाही. घर आपणच शोधायचं, बाजारात, बाकी सगळ्यांच्या रांगेत उभं राहून. त्यासाठी सुरुवातीला किमान ६० दिवस मिळतात. तेवढ्यात घर मिळालं नाही आणि अथॉरिटीच्या ऑफिसने मुदत वाढवून दिली नाही, तर इतक्या वर्षांनी आलेला तो कागद रद्द होतो. ही तारीख डोक्यावर असताना माणूस कसा जगतो ते ज्याने भोगलंय त्यालाच कळेल. जेवताना, पोराला शाळेत सोडताना, सतत तेच डोक्यात.

न्यू जर्सीत व्हाउचर आहे म्हणून घर नाकारणं बेकायदा आहे. कायद्यात तसं स्पष्ट आहे. तरीही फोनवर सेक्शन ८ हे शब्द उच्चारले की पलीकडचा आवाज बदलायचा. ‘आत्ताच गेलं घर’, ‘मालकांशी बोलून कळवतो’, नाहीतर सरळ फोन बंद. अशा वेळी मला एक जाहिरात दिसली. वुडब्रिजमध्ये दोन बेडरूमचं घर, दुमजली घरातला वरचा मजला, आणि खाली ठळक अक्षरांत ‘सेक्शन ८ वाल्यांचं स्वागत’. ते वाचून मला रडू यायचं बाकी होतं.

मेसेजला पाच मिनिटांत उत्तर आलं. भाषा नम्र, वाक्यागणिक मॅडम. माझं नाव विचारायच्या आधी त्याने विचारलं, व्हाउचर किती बेडरूमचं आहे, कितीपर्यंतचं आहे आणि मुदत कधी संपते? मला वाटलं, याला योजना नीट माहीत आहे, बरं झालं. मग त्याने भाडं सांगितलं ते माझ्या मर्यादेपेक्षा थोडंसंच कमी. भाडं फार स्वस्त असेल तर सावध व्हा, असं सगळे सांगतात. इथे ते स्वस्त नव्हतंच. माझ्या व्हाउचरच्या मापाने शिवलेलं होतं, आणि माप मीच दिलेलं होतं.

घर बघायला तो आला नाही. ‘मी सध्या पेनसिल्व्हेनियात असतो, दाराला लॉकबॉक्स आहे, कोड पाठवतो, निवांत बघून या,’ म्हणाला. आम्ही गेलो. कोड टाकला, डबी उघडली, आत किल्ली होती. घर खरंच रिकामं होतं. भिंतींना ताज्या रंगाचा वास, फ्रिजच्या दारावर अजून निळी चिकटपट्टी, किचनच्या खिडकीतून मागच्या अंगणातलं झाड दिसत होतं. ओट्याखालचं कपाट उघडून मी डबे कुठे बसतील ते बघितलं. लेकीने खोली ठरवून टाकली, पलंग कुठे ठेवायचा तेही. ज्या घराची किल्ली आपल्या हातात आहे, ज्यात आपण अर्धा तास फिरलो, त्याचा मालक खोटा असेल अशी शंका कुणाला येणार?

त्यानंतर पैशांचं सुरू झालं. आधी ६० डॉलर अर्जाची फी. मग व्हाउचरचा, लायसन्सचा फोटो आणि सोशल सिक्युरिटी नंबर, क्रेडिट तपासायला म्हणून. मग लीजचा मसुदा आला आणि सोबत ‘हड’चं चिन्ह छापलेलं एक प्रमाणपत्र, त्यावर हा मान्यताप्राप्त घरमालक आहे असं लिहिलेलं. ‘हड’ घरमालकांना असली प्रमाणपत्रं देत नाही, हे मला पुढे अथॉरिटीत माझं काम बघणाऱ्या केसवर्करने सांगितलं. मग डिपॉझिट, १,८५० डॉलर, फोनवरून थेट बँकेतून पाठवा. ‘दुसरं एक कुटुंब तयार आहे, पण तुमच्या मुलांकडे बघून मी तुम्हाला प्राधान्य देतोय. तुमची मुदतही संपत आलीय ना?’ टॅक्स रिफंडचे पैसे मी याच कामासाठी हात न लावता ठेवले होते. ते त्याच्याकडे गेले.

या सगळ्यात मी एक कागद त्याच्याकडे पुन्हा पुन्हा मागत होते आणि तो पुन्हा पुन्हा टाळत होता. हे लिहिण्याचं खरं कारण तो कागद आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

व्हाउचर देताना ऑफिसात जी ब्रीफिंगची बैठक होते, तिथे एक जाड पाकीट देतात. त्यात रिक्वेस्ट फॉर टेनन्सी अप्रूव्हल नावाचा फॉर्म असतो, सगळे त्याला आरएफटीए म्हणतात. घराचा पत्ता, ते कोणत्या साली बांधलं, भाडं किती मागताय, गॅस-वीज-पाण्याचं बिल कोण भरणार, १९७८ पूर्वीचं घर असेल तर शिसं असलेल्या रंगाबद्दलची माहिती, आणि खाली मालकाची व भाडेकरूची सही. हा फॉर्म अथॉरिटीकडे गेल्याशिवाय पुढचं काहीच हलत नाही. त्यानंतर ऑफिस भाडं आजूबाजूच्या घरांच्या मानाने वाजवी आहे का ते बघतं, घराची तपासणी करतं, मालकाचे कर भरण्याचे तपशील आणि बहुतेक ठिकाणी मालकीचा पुरावाही मागतं, आणि मग मालकाशी स्वतंत्र करार करतं. ज्याचं घरच नाही तो यातल्या पहिल्याच पायरीला अडकतो. माझ्या माणसाची उत्तरं ठरलेली होती. ‘फॉर्म माझा वकील भरतोय.’ ‘ऑफिसवाले वेळ काढतात, आधी डिपॉझिटने घर अडवून ठेवू.’ ‘फॉर्म काय, नंतरही देता येतो.’

नंतर नाही, हाच फॉर्म आधी. आणि मुदतीची भीती घालणाऱ्याला दाखवायला आणखी एक नियम आहे, जो ब्रीफिंगच्या माहितीच्या भडिमारात कानावरून निघून जातो: फॉर्म ऑफिसात जमा केला की ऑफिस हो किंवा नाही कळवेपर्यंत व्हाउचरचे दिवस मोजणं थांबतं. म्हणजे घाई असेल तर फॉर्म पटकन भरायची हवी, पैसे पटकन पाठवायची नव्हे. खऱ्या मालकाचंही त्यात हित असतं, कारण त्याला मिळणारा सरकारी पैसा त्याच कागदापासून सुरू होतो.

बिंग फुटलं ते त्याच्या हावरेपणामुळे. डिपॉझिट गेल्यावर त्याने तपासणीची फी म्हणून आणखी ३०० मागितले. मी केसवर्करला फोन केला, ही फी कुणाच्या नावाने भरायची असं विचारायला. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, भाडेकरूकडून तपासणीची फी घेतच नाहीत. मग तिने पत्ता विचारला. त्या पत्त्याचा कुठलाच कागद त्यांच्याकडे नव्हता. दुसऱ्या दिवशी मी त्या घरी गेले तर बाहेर एका बाईंची गाडी उभी होती. त्या घर भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या. त्यांच्याकडचं भाडं मला सांगितलेल्यापेक्षा बरंच जास्त होतं. एकट्याने घर बघू इच्छिणाऱ्यांना त्यांची कंपनी ऑनलाइन नोंदणीवर लॉकबॉक्सचा कोड देते. त्याने खोट्या नावाने नोंदणी करून कोड मिळवला होता आणि तोच मला पाठवला होता. फोटोही कंपनीच्याच जाहिरातीतले. मी एकटी नव्हते, आणखी कुणीतरी बाई त्या आठवड्यात येऊन रडून गेली होती, असं त्या म्हणाल्या.

बँकेने सांगितलं, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, परत आणता येणार नाहीत. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली, नंबर दिला. ग्राहकांच्या फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या एफटीसीकडे, एफबीआयच्या इंटरनेट गुन्ह्यांच्या विभागाकडे आणि ‘हड’च्या इन्स्पेक्टर जनरलच्या हॉटलाइनवरही मी कळवलं. पैसे आले नाहीत. पण पोलिसांचा तो कागद केसवर्करला दिला आणि मुदतवाढीचा अर्ज केला, तेव्हा वाढ मिळाली. म्हणून सांगते, असं झालं तर लाजेने दडवू नका, त्याच दिवशी ऑफिसला कळवा. सोशल सिक्युरिटी नंबर दिला असेल तर इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही क्रेडिट कंपन्यांकडे क्रेडिट गोठवा, म्हणजे तुमच्या नावावर दुसऱ्या कुणाला कर्ज काढणं अवघड होतं. त्याला पैसे पडत नाहीत.

पुढे घर मिळालं ते ओक ट्री रोडच्या एका दुकानात ओळख झालेल्या गुजराती काकांचं. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, ‘ऑफिसचा फॉर्म आणला का?’ माझ्यासमोर बसून, चष्मा कपाळावर सरकवून, त्यांनी प्रत्येक रकाना भरला. पहिल्या तपासणीत घर नापास झालं, एका बेडरूमच्या खिडकीची कडी लागत नव्हती आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालत नव्हता. काकांनी दोन्ही दुरुस्त केलं, दुसऱ्या वेळी पास. डिपॉझिट मी लीजवर सही करताना चेकने दिलं आणि पावती घेतली. न्यू जर्सीत दीड महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट मागता येत नाही, आणि ते कोणत्या बँकेत ठेवलंय ते मालकाने ३० दिवसांत लेखी कळवायचं असतं. ही रक्कम सहसा व्हाउचरमधून मिळत नाही, आपल्यालाच जमवावी लागते. ठग याच पैशावर टपलेले असतात.

खरे मालकही कधीकधी वेगळी मागणी करतात. ओळखीच्या एका ताईंना दरमहा २५० डॉलर रोख, लीजबाहेर, द्यायला सांगितलं होतं. मंजूर भाड्याच्या वर असे पैसे घेणं मालकाला मनाई आहे, आणि देणाऱ्याचंही व्हाउचर जाऊ शकतं. ताईंनी केसवर्करला सांगितलं, तेव्हा ती मागणी बंद झाली. यादीत नाव घालून देतो, वर आणतो म्हणून पैसे मागणाऱ्या साइट्स आणि फोनही खोटेच. हाउसिंग अथॉरिटी यादीच्या अर्जाला पैसे घेत नाही.

गेल्या महिन्यात तीच जाहिरात मला पुन्हा दिसली. गावाचं नाव पिस्कॅटवे, फोन नंबर वेगळा, पण निळ्या पट्टीचा तो फ्रिज आणि खिडकीतलं झाड तेच. मी साइटला कळवलं, जाहिरात निघाली. दुसरीकडे कुठे लागली असेल तर मला ठाऊक नाही. नाव विचारायच्या आधी व्हाउचरची रक्कम आणि मुदतीची तारीख विचारणारा कुणी भेटला, तर त्याला आरएफटीएचा फॉर्म पाठवा आणि भरलेला फॉर्म तुमच्या ऑफिसला पोचेपर्यंत एक डॉलरही देऊ नका.